देखणा तक्ता

एकदा एका शेठजींना देखणा तक्ता हवासा वाटला, आणि तेवढ्यावरून एका बाईंची नोकरी जायची वेळ आली.

शेठजी मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मला त्यांचा राग येणार आहे आणि तेव्हा त्यांच्याबद्दल बरे काही सुचणार नाही. आईच्या स्मरणार्थ त्यांनी एक लहानशी संस्था काढली होती. तिचे काम एकच होते. जिल्ह्यातल्या कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, ते फोन करणाऱ्याला सांगायचे. रुग्णाचा नातेवाईक धास्तावून फोन करतो. पलीकडून एक शांत आवाज सांगतो की अमक्या गावी जा, तिथे तुमच्या गटाचे रक्त आहे. असल्या वेळी तो शांत आवाज म्हणजे अर्धा देवच.

तो आवाज वैजयंता साळोखे यांचा होता. दृष्टांतकथेतल्या माणसांना नावे नसतात. गुरू, शिष्य, शेठजी एवढ्यावर भागते. या बाईंचे नाव मात्र मी हट्टाने देतो आहे. कारण त्यांच्या पाठीमागे जो उठतो तो त्यांना ‘ती आंधळी बाई’ म्हणतो, आणि मला ते ऐकवत नाही. त्यांना जन्मापासून दिसत नाही, ही गोष्ट खरी. त्या आपले काम चोख करतात, हीही गोष्ट तितकीच खरी. संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. वैजयंताबाई हेडफोन लावून तो ऐकायच्या आणि कळफलकावरच्या बोटांनी हवे तिथे जायच्या. वाचणारा आवाज त्यांनी इतका वेगवान करून ठेवला होता की शेजारी बसणाऱ्याला त्यातले एक अक्षर कळत नसे.

त्यांच्यापुढचे जुने पान एका वृद्ध गृहस्थांनी बनवलेले होते. हे गृहस्थ संकेतस्थळे बांधायची विद्या शिकवत. मुले त्यांना ‘सर’ म्हणत, गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणे. कथांतले वृद्ध दाढीवरून हात फिरवतात आणि मंद हसतात. यांना दाढी नव्हती आणि हसणे महाग होते. त्यांनी बनवलेले पान दिसायला अगदीच ओबडधोबड होते: करड्या रेघा, काळी अक्षरे, संपले. पण वैजयंताबाई त्यातल्या कोणत्याही चौकटीत गेल्या की आवाज सांगे, ‘गाव, अमुक. रक्तगट, तमुक. पिशव्या, दोन.’ ही चौकट कोणत्या पेढीची आणि कोणत्या सदरातली, हे पान स्वतःच बोले. गटानुसार क्रम लावायचा असेल तर एक कळ दाबायची, आणि क्रम लागला की पान तसे सांगेही. माणसाने वस्तूकडून आणखी काय मागावे?

पण संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि शेठजींना सभागृहात मोठा पडदा लावून पाहुण्यांना तक्ता दाखवायचा होता. ते म्हणाले, “मास्तरांचं पान फार जुनाट दिसतं हो. चारचौघांत दाखवायला लाज वाटते.” वृद्धांनी नवी कामे घेणे सोडले होते. तेव्हा काम गेले त्यांच्या सर्वांत हुशार शिष्याकडे.

शिष्य खरोखरच हुशार होता. त्याने बनवलेला तक्ता पाहून लोकांनी तोंडात बोटे घातली. प्रत्येक गटाला वेगळा रंग. कुठल्याही पेढीने नवा आकडा पाठवला की सगळा तक्ता आपोआप नवा क्रम लावून घेई. सर्वाधिक साठा असलेली पेढी वर सरके, कमी साठ्याची खाली उतरे, आणि हे सरकणे इतके मऊ होते की शेठजींनी ते पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावले. सदरे अगदी ओळंब्यात उभी राहावीत म्हणून शिष्याने प्रत्येक सदराची एक स्वतंत्र उभी पट्टी केली होती आणि पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या होत्या. डोळ्यांना आडव्या ओळी दिसत. पानाच्या पोटात मात्र आडवी ओळ नावाची वस्तूच नव्हती. वर ‘रक्तगट’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असे, पण ते खालच्या मजकुराचे शीर्षक आहे हे पानाला कोणी सांगितलेले नव्हते.

बनवताना त्याने ते पुष्कळांना दाखवले. शेठजींना दाखवले, त्यांच्या जावयाला दाखवले, निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यालाही दाखवले. जिला दिवसभर त्यावर काम करायचे होते, तिला तेवढे दाखवले नाही. कोणीतरी विचारले तेव्हा तो म्हणाला, “त्यांना दाखवून काय करू? त्यांना दिसत नाही.”

हे वाक्य तो खरोखर बोलला, आणि कोणी त्याच्या कानाखाली काढली नाही. उलट दोघेचौघे हसले. माणसाची अक्कल कधी कधी शिक्षणाबरोबर वाढते आणि कधी कधी शिक्षणाच्या ओझ्याखाली दबून मरते, असे माझे मत होत चालले आहे.

वर्धापनदिनी टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी जुने पान बंद झाले आणि नवे पान वैजयंताबाईंच्या संगणकावर आले. त्यांनी हेडफोन लावला. आवाजाने आधी सगळ्या पेढ्यांची नावे वाचली. मग सगळी गावे वाचली. मग सगळे गट, आणि मग नुसते आकडे: चार, शून्य, दोन, शून्य, शून्य, एक. कोणाचे चार आणि कशाचे शून्य, देव जाणे. क्रम लावायचा बाण फक्त माउसने दाबता येई, कळफलकाने तिथे पोहोचताच येत नव्हते.

त्यांनी व्यवस्थापकाला सांगितले. व्यवस्थापक म्हणाला, “नवीन आहे बाई, सवय होईल.” शिष्याला निरोप धाडला. शिष्याचे उत्तर आले की बाकी सगळे खूश आहेत. मग वैजयंताबाई मोजू लागल्या. दुसरे काय करणार? बी निगेटिव्ह हवे असेल तर गटांच्या पट्टीत ते कितवे आले ते मोजायचे, मग आकड्यांच्या पट्टीत तितकाच आकडा मोजायचा, मग नावांच्या पट्टीत परत जाऊन तितकेच नाव मोजायचे. फोनवरचा माणूस घाबरलेला, आणि इकडे ही बाई बोटांवर मोजते आहे. कित्येक दिवस त्यांनी ही कसरत केली आणि एकही उत्तर चुकू दिले नाही.

मग एका दुपारी फोन आला. बाळंत झालेल्या बायकोसाठी नवरा रक्त शोधत होता. वैजयंताबाईंनी गट मोजला, आकडा मोजला आणि नाव मोजायला परत वळल्या. नेमक्या त्या क्षणी कुठल्याशा पेढीने नवा आकडा पाठवला. तक्ता मऊपणे सरकला. ओळी खाली-वर झाल्या. पाहणाऱ्याला ते दिसले असते. ऐकणाऱ्याला तक्त्याने एक अवाक्षर सांगितले नाही. बाईंनी मोजून जे नाव सांगितले ते आता दुसऱ्याच पेढीचे होते. तो माणूस घाट उतरून त्या गावी गेला. तिथे त्या गटाची एकही पिशवी नव्हती. पेढीतल्या लोकांनी फोनाफोनी करून दुसरीकडून रक्त मागवले आणि बाळंतीण वाचली. पण थोडक्यात वाचली.

शेठजींनी सगळ्यांना बोलावून घेतले. वैजयंताबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चूक माझ्या तोंडून गेली, ते मला मान्य आहे. त्या माणसाची मी माफी मागितली. पण शेठजी, दोष पानात आहे. मी मोजत असताना ते बदलतं आणि बदललं म्हणून सांगत नाही.”

शेठजींनी शिष्याकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. आता हा काय म्हणतो यावर त्या बाईंची खुर्ची टिकणार की जाणार हे ठरायचे होते.

शिष्य म्हणाला, “पान बरोबर आहे. मी स्वतः तपासलंय.”

तो खोटे बोलत नव्हता, आणि माझा संताप नेमका यावरच आहे. त्याने तपासले होतेच. आपल्या डोळ्यांनी, आपल्या हातातल्या माउसने, आपल्या खोलीत बसून तपासले होते. त्यापलीकडे कोणी माणूस असू शकतो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. शेठजींनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “वैजयंताबाई, राग मानू नका. हा जिवाशी खेळ आहे. इथं डोळस माणूसच पाहिजे. सोमवारी तुम्ही हिशेब घेऊन मोकळ्या व्हा, आपण दुसरी मुलगी बघू.” एवढे सौम्यपणे बोलले, की जणू उपकारच करत होते.

वैजयंताबाई घरी गेल्या नाहीत. रिक्षा करून थेट वृद्धांच्या दारात उतरल्या.

“काका, तुमच्या पोरानं माझ्या पोटावर पाय आणला,” त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या आणि कोण काय बोलले ते सगळे त्यांनी सांगितले. “मी रडायला आले नाही. मला फक्त एवढं सांगा, की ही विद्या तुम्ही त्याला अशीच शिकवली काय?”

वृद्ध म्हणाले, “बस बाई. पाणी घे.”

“पाणी नको. उत्तर द्या.”

वृद्धांनी संगणक उघडला, ते नवे पान काढले, वैजयंताबाईंचा हेडफोन मागून घेतला आणि पडदा बंद करून ऐकत बसले. थोड्या वेळाने त्यांचे कान लाल झाले. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि एक शिवी हासडली, ती मी येथे देत नाही. मग म्हणाले, “अशी शिकवली नव्हती. पण माझ्याच हाताखालून गेला आहे, तेव्हा मला हात झटकता यायचे नाहीत. मला रविवारपर्यंत वेळ दे.”

“माझ्याकडंही तेवढाच आहे, सोमवारी माझा हिशेब होतोय,” वैजयंताबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

रविवारी वृद्धांनी शिष्याला जेवायला बोलावले. तक्त्याचा विषय काढला नाही. शिष्याला वाटले, सरांनी कौतुकासाठीच बोलावले असणार. पाटावर बसवून वृद्ध म्हणाले, “डोळ्यांवर हा पंचा बांध. आज मी वाढणार आहे.”

आतून त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, आवाज आला, “अन्नाची थट्टा करू नका हं.”

“थट्टा नाही करत. तू आत बैस.”

शिष्याने मुकाट्याने पंचा बांधला. वृद्धांनी पान वाढले, जसे घरोघर वाढतात तसे. वरती मधोमध मीठ. डाव्या हाताला लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये वरणभात, त्यावर तूप. आणि वाढताना ते तोंडाने सांगत गेले: “आमटी वाढली. डावीकडे कोशिंबीर दिली.” शिष्य जन्मभर असल्याच ताटावर जेवलेला. त्याचा हात कुठेही अडला नाही. त्याने लिंबू पिळले, भात कालवला, चटणीला बोट लावले, भाजी मागून घेतली. पोटभर जेवला आणि हसून म्हणाला, “सर, डोळे नसले तरी काही अडत नाही की.”

“अडत नाही ना? हे वाक्य जपून ठेव,” वृद्ध म्हणाले. “आता दुसरं ताट.”

“सर, पोट भरलं.”

“चार घास खा.”

दुसरे ताट वृद्धांनी फार देखणे सजवले. सगळे पदार्थ एकसारख्या वाट्यांत घातले आणि वाट्या पोळीभोवती गोल, सारख्या अंतरावर मांडल्या. या वेळी तोंडाने काहीच सांगितले नाही. शिष्य चाचपडू लागला. एका वाटीत ताक लागले, एकीत लोणचे, एकीत ठेचा. श्रीखंड सापडले तेव्हा त्याने मोजून ठेवले: डावीकडून तिसरी वाटी. हुशारच तो. पोळीचा तुकडा मोडायला त्याने हात मागे घेतला, तेवढ्यात वृद्धांनी ताट हलकेच फिरवले. आवाज होऊ दिला नाही. शिष्याने पुन्हा डावीकडून तिसरी वाटी मोजली, पोळीने भरपूर उचलले आणि तोंडात कोंबले.

तो ठेचा होता.

“पाणी!” शिष्य ओरडला. “सर, पाणी!”

“पाणी आहे,” वृद्ध जागचे न हलता म्हणाले. “ताटाशेजारीच आहे. मी स्वतः तपासलंय.”

शिष्याने अंदाजाने हात मारला, तो तांब्यावर बसला आणि पाणी सगळे पाटाखाली गेले. तेव्हा आतून काकू धावत आल्या, पेला त्याच्या हातात दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्हाला काही काळीज आहे का?” शिष्याने पंचा ओढून काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

“हा काय प्रकार आहे, सर? तुम्ही ताट फिरवलंत!”

“फिरवलं.”

“मग सांगायचं नाही?”

“बघ, तुला किती राग आला,” वृद्ध म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला. “एका घासाचा राग आला. वैजयंता दिवसभर अशी जेवते आहे, आणि तिच्या घासावर दुसऱ्याचा जीव आहे. तू म्हणशील, मी तुला तिच्या जागी बसवलं, आंधळेपण किती वाईट ते दाखवलं. तसलं काही मी केलेलं नाही. पहिल्या ताटावर तुझे डोळे बांधलेले होते की नाही? मग तेव्हा का नाही अडलं? तूच म्हणालास, काही अडत नाही. डोळे दोन्ही वेळेला बांधलेलेच होते. बदललं काय? वाढप बदललं. अरे, ताट पदार्थांनी होत नाही, कोणता पदार्थ कुठल्या जागेचा हे ठरलेलं असतं म्हणून ते ताट. तक्ताही तसाच. रेघा आणि रंग म्हणजे तक्ता नव्हे. हा आकडा कोणत्या ओळीचा आणि कोणत्या शीर्षकाखालचा, हे पानालाच ठाऊक असेल तर तो तक्ता, नाहीतर भिंतीवरची नक्षी. आणि क्रम बदललास तर बदललो म्हणून सांगावं लागतं. पंगतीत वाढपीसुद्धा ओरडत येतो, आमटी आली, आमटी आली. तू एवढा शिकलेला, तुला वाढप्याएवढीही रीत नाही? आणि वर त्या बाईला अधू ठरवून आलास? तुझं पान अधू आहे.”

काकू पदराने पाट पुसत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “पुरे आता.”

“पुरे नाही,” वृद्ध म्हणाले.

शिष्याने पंचाने डोळे पुसले. ठेच्याने जीभ पोळली होती, पण आता तोंड कशाने पडले होते ते त्याचे त्यालाच माहीत. शेवटी तो म्हणाला, “चुकलं सर. मी आजच बसतो. खरा तक्ता करतो, शीर्षकं नीट करतो, बाण कळफलकाने चालतील असे करतो. उद्या सकाळपर्यंत आत्ताच्या पानाच्या जागी गुपचूप लावून टाकतो. वैजयंताताईंची उत्तरं बरोबर यायला लागली की शेठजींना आपोआप कळेल. कोणाला सांगायची गरजच पडणार नाही.”

वाचकहो, येथपर्यंत वृद्ध रागावले होते ते काहीच नव्हते.

ते उठून उभे राहिले. “गुपचूप?” ते म्हणाले. “आत्ता तुझी जीभ भाजली तरी कळलं नाही? पुन्हा न सांगताच ताट फिरवणार आहेस?”

“पण सर, सगळ्यांसमोर सांगितलं तर माझं नाव जाईल. पुढची कामं...”

“सगळ्यांसमोर तिचं गेलंच आहे. तू घालवलंस. पान बरोबर आहे असं सगळ्यांसमोर म्हणालास, तेव्हा लाज नाही वाटली? उद्या तू पान दुरुस्त करशील आणि शेठ म्हणतील, बघा, आंधळ्या बाईला आता सवय झाली. चूक तिचीच होती हे कायमचं लिहिलं जाईल. तुझ्या मनातला क्रम बदलला असेल, तर तो मोठ्यानं सांग. नाहीतर तुझी दुरुस्ती मला नको, आणि उद्यापासून माझ्या दारातही येऊ नकोस.”

तात्पर्य मी येथेच सांगून टाकतो. पुष्कळ लोक शेवटची ओळ तेवढी वाचतात, मान डोलावतात आणि पान उलटतात, म्हणून ते शेवटी ठेवत नाही. आपण केलेल्या वस्तूपुढे माणूस अडखळला, तर आधी वस्तू तपासावी, माणूस नंतर. आणि चूक आपली निघाली, तर ज्या आवाजात दुसऱ्याला दोष दिला त्याच आवाजात ती सांगावी. गुपचूप सुधारणारा माणूस अर्धाच सुधारतो.

सोमवारी वैजयंताबाई पिशवी घेऊनच आल्या होत्या. त्यांनी खणातला डबा, रुमाल, हातपंखा पिशवीत भरला होता. शेठजी आले, व्यवस्थापक आला, कर्मचारी जमले. हिशेबाचे पाकीट टेबलावर होते. तेवढ्यात शिष्य आत आला. वृद्ध बरोबर नव्हते. त्यांनी मुद्दामच यायचे टाळले होते.

शिष्य म्हणाला, “शेठजी, त्या दिवशी मी म्हणालो की पान बरोबर आहे. ते चूक होतं. पान चुकीचं बांधलंय. वैजयंताताई सांगत होत्या ते अक्षरशः खरं होतं. मी त्यांना एकदाही विचारलं नाही. ती बाळंतीण दगावली असती तर ते माझ्यामुळे झालं असतं, यांच्यामुळे नाही.”

शिष्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण वाक्य त्याने मध्येच सोडले नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

शेठजींनी पाकीट उचलून घाईघाईने खिशात टाकले. “बरं, बरं. माणूस चुकतो,” ते म्हणाले. “झालं गेलं गंगेला मिळालं. वैजयंताबाई, तुम्ही बसा कामाला.”

“गंगेला कसं मिळेल, शेठजी?” वैजयंताबाई म्हणाल्या. “ते माझ्या नावाला चिकटलंय. ‘इथं डोळस माणूसच पाहिजे’, हे तुम्ही या सगळ्यांच्या देखत म्हणालात. आता ते परत घ्यायचं असेल तर यांच्याच देखत घ्या. नाहीतर माझी पिशवी भरलेलीच आहे.”

शेठजींनी इकडे तिकडे पाहिले. व्यवस्थापक चपलेकडे पाहत होता. शेवटी शेठजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, “मी बोललो ते चूक बोललो. तुमच्या कामात खोट नाही.” आवाज बारीक होता, पण ऐकू सगळ्यांना गेला. वैजयंताबाईंनी मान हलवली. पिशवी मात्र लगेच रिकामी केली नाही.

शिष्याने तिथल्या तिथे जुने ओबडधोबड पान परत लावले आणि नवे पान तो पुढचे काही दिवस वैजयंताबाईंच्या शेजारी बसूनच बांधत राहिला. त्या काही गोड बोलणाऱ्या शिक्षिका निघाल्या नाहीत. तो म्हणे, “आता बघा ताई, झालं,” आणि त्या ऐकून म्हणत, “काय झालं? मी बाणावर आले, त्यानं नुसतं ‘बटण’ म्हटलं. कशाचं बटण? शर्टाचं?” तो दुरुस्त करी. त्या म्हणत, “क्रम लागला खरा, पण चढता की उतरता? तुला दिसतंय, मला सांग की.” तो पुन्हा दुरुस्त करी. आपोआप सरकणे त्याने काढूनच टाकले. नवा आकडा आला की पान आता तेवढे सांगे, आणि क्रम बदलायचा की नाही ते बाई ठरवत. रंग त्याने ठेवले. वैजयंताबाई म्हणाल्या, “राहू देत रंग. ज्यांना लागतात त्यांना लागू देत. माझं काही जात नाही.”

शेवटच्या दिवशी शिष्य त्यांच्या संगणकासमोर बसून पान चढवत होता आणि त्या मागे उभ्या होत्या. काम संपले. त्याने हात मागे घेतले. आता त्या काहीतरी बोलतील, निदान ‘जाऊ दे, पोरा’ एवढे तरी म्हणतील, असे त्याला वाटत होते. तो तसाच बसून राहिला.

“झालं?” वैजयंताबाईंनी विचारले.

“झालं, ताई.”

“मग ऊठ. माझी खुर्ची आहे ती.”

तो चटकन उठला. खुर्ची त्यांच्याकडे वळवू की नको, हात धरू की नको, असे त्याच्या मनात आले, पण त्याने विचारले, “खुर्ची वळवू का?” त्या म्हणाल्या, “नको,” आणि पाठीला हात लावून आपल्या आपण बसल्या. फोन वाजत होता. त्यांनी हेडफोन चढवला, पलीकडच्या घाबऱ्या माणसाला म्हणाल्या, “हळू सांगा, गट कोणता?” आणि त्यांची बोटे चालू लागली. हेडफोनमधून तो भरधाव आवाज बारीकसा बाहेर येत होता. शिष्याने कान देऊन पाहिले, त्याला एक शब्दही कळला नाही. त्यांना सगळे कळत होते. माफी मिळाली की नाही हे त्याने विचारले नाही, आणि दार आवाज न करता ओढून घेऊन तो बाहेर पडला.